आपल्याच उंटाची वाट

बुद्धिबळाचं कोडं रचायचं ते शेवटाकडून. आधी मात दिसते. काळा राजा पटाच्या मधोमध उभा, भोवती मोकळी घरं, आणि तरी त्यातलं एकही त्याचं नाही. मग मी मागे सरकत जातो. ही मात होण्याआधी हत्ती कुठे असेल? त्याच्याही आधी उंट? साताऱ्यात पाऊस लागला की अजिंक्यतारा दिवसचे दिवस ढगात असतो. तसल्या दिवसांत हे काम चांगलं होतं. एक मोहरं उचलायचं, दुसरं ठेवायचं, पुन्हा पाहायचं. डाव खेळताना समोर माणूस असतो, त्याच्या चुकीची वाट पाहता येते. कोडं रचताना काळ्याच्या बाजूनेही मीच बसलेला असतो आणि त्याच्यासाठी तितकाच जीव तोडून विचार करावा लागतो. काळ्याला एक बरा बचाव सापडला की कोडं गेलं. पांढऱ्याला पहिल्या चालीचा दुसरा मार्ग सापडला तरीही गेलं.

हा दुसरा मार्ग फार छळतो. महिनाभर जपलेली रचना, आणि कोपऱ्यातला विसरलेला घोडा सहज एक उडी मारून तीच मात घडवून जातो. मग त्याला रोखायला एक काळं प्यादं वाढवा, त्या प्याद्याला चाल मिळू नये म्हणून समोर पांढरं प्यादं ठेवा, आणि पट हळूहळू गर्दीने भरून जातो. संगणक इथे खरा सोबती आहे. ‘पोपाय’ नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. त्याला स्थिती सांगितली, किती चालींत मात हवी ते सांगितलं, की तो शक्य त्या सगळ्या चाली तपासतो आणि ज्या सुटतात त्या ओळीने छापतो. एक ओळ आली तर रचना निर्दोष. दोन आल्या तर पुन्हा पट मांडायचा. हे काम यंत्राला नवीन नाही. १९५१ साली मँचेस्टरमध्ये डीट्रिश प्रिन्झ यांनी फेरांटी मार्क वन या संगणकाकडून दोन चालींतल्या मातीचं कोडं सोडवून घेतलं होतं. त्याला पंधराएक मिनिटं लागली. आज तेवढ्याला डोळ्याचं पातं लवायचाही अवकाश लागत नाही.

तरीही यंत्र कोडं सोडवतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. का, ते एका कोड्यावरूनच सांगतो.

फेब्रुवारी १८४५ मध्ये लंडनच्या ‘चेस प्लेअर्स क्रॉनिकल’ या मासिकात चार चालींत मात करण्याचं एक कोडं छापून आलं. संपादक हॉवर्ड स्टाँटन. कोडं हिंदुस्थानातून आलं होतं आणि पाठवणाऱ्याने नाव दिलं होतं ‘शागीर्द’. हा शागीर्द म्हणजे दिल्लीतले पाद्री हेन्री ऑगस्टस लव्हडे. जगभर ते आजही ‘इंडियन प्रॉब्लेम’ म्हणून ओळखलं जातं. स्थिती अशी की काळ्याच्या राजाला हलायला घर नाही, उरलेल्या प्याद्याच्या चाली संपत आलेल्या, आणि त्या संपल्या की शह न बसताच त्याची कोंडी होऊन डाव बरोबरीत सुटणार. पांढऱ्याने करायचं काय? उंट लांबच्या लांब मागे, सी१ वर न्यायचा. नंतर हत्ती डी२ वर आणायचा, म्हणजे बरोबर त्या उंटाच्या तोंडासमोर. आपल्याच उंटाची वाट आपल्याच हत्तीने अडवायची! वाट अडली म्हणून काळ्या राजाला एफ४ हे घर मोकळं होतं. दुसरी चालच नसल्याने तो तिथे जातो, आणि हत्ती डी४ वर चढतो. हत्तीचा शह, मागून उघडलेल्या उंटाचाही शह, आणि मात.

सोडवणाऱ्याचं मन ही चाल करायला धजत नाही. इतकी वर्षं खेळून अंगवळणी पडलेलं असतं की मोहरी राजाच्या जवळ आणावीत, त्यांच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात. ते सगळं सोडून द्यावं लागतं, आणि ते सोडतानाच्या त्या क्षणी अंगावर काटा येतो. लव्हडे यांनी नेम धरला होता तो याच नाखुशीवर. यंत्राला ही नाखुशी नाही. त्याच्या लेखी उंट मागे नेणं आणि पुढे नेणं सारखंच, म्हणून त्याला उत्तर मिळतं, कोडं मिळत नाही. शिवाय लव्हडे यांची मूळ मांडणी एकाहून अधिक मार्गांनी सुटते. आजच्या कसोटीला ती सदोषच ठरेल. पण तिच्यातल्या कल्पनेवर पुढे शेकडो रचना झाल्या आणि कोट्झ व कोकेलकोर्न या जर्मन जोडीने १९०३ मध्ये तिच्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं.

उलट उदाहरणही आहे. राजे धरून पटावर सात मोहरी उरली असतील तर डाव कसा संपेल, हे २०१२ मध्ये मॉस्कोच्या लोमोनोसोव्ह विद्यापीठातल्या महासंगणकाने काढून ठेवलं. त्यात एका स्थितीत ५४९ चालींनी मात होते. एकूण एक चाल अचूक. पण त्या कुणी कुणासाठी रचलेल्या नाहीत, आणि त्या पाहताना मला काहीच होत नाही.

ही हौस परकी समजू नये. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘नीतिमयूखा’त चौसष्ट घरं फिरून येणारी घोड्याची फेरी दिली आहे. १८१४ मध्ये, साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते तेव्हा, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथातल्या पटस्थिती इंग्रजीत आणून मुंबईत छापल्या गेल्या. आमच्याकडची जुनी माणसं देशी पद्धतीने खेळत तेव्हा प्यादेमातीचा मान सगळ्यांत मोठा. वजिराने सहज मात होत असताना ती टाळून प्याद्याने करण्यासाठी धडपडणारा माणूस खेळता खेळता कोडंच रचत असतो.

सांगलीत तर १९४१ साली भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं आणि कृष्णाकाठच्या या गावाला बुद्धिबळाचं वेड लावलं. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच गावच्या. खेळणारी मुलं इथे पिढ्यान्‌पिढ्या घडली. रचणारी आणि सोडवणारीही घडावीत, अशी माझी फार इच्छा आहे. दर वर्षी जानेवारीत एकाच दिवशी जगभर कोडी सोडवण्याची स्पर्धा होते. सगळीकडे तीच कोडी, आणि हाताशी फक्त पट, कागद नि घड्याळ. सांगली-साताऱ्यातल्या मंडळांनी त्या दिवशी एक खोली उघडावी. मुलांनी मोबाइल दाराशी ठेवावेत, पट मांडावा आणि पहिली चाल स्वतः शोधावी.