वलुरकाची वर्गणी

मळवलीला लोकल रिकामी होते आणि माणसं दोन दिशांना फुटतात, काही भाज्याकडे, काही कार्ल्याकडे. भाज्याच्या लेण्यांत टोकाला एक लहानसा विहार आहे. त्याच्या ओसरीत हत्तीवर बसलेल्या देवाच्या पायाशी, पटकन नजरेला न येणारी एक बाई दोन वाद्यांवर हात टाकून बसली आहे आणि तिच्यासमोर दुसरी नाचते आहे. ही दोन हजार वर्षांपूर्वीची बैठक. तबला तेव्हापासूनचा की नाही, हा वाद जाणकारांनी खुशाल घालावा. मावळात गाण्याबजावण्याची हौस नवी नाही, एवढं मात्र त्यावरून म्हणता येतं.

कार्ल्याचा चैत्य कोणा एका राजाने बांधून दिलेला नाही. वैजयंतीच्या भूतपाल शेठींचा वाटा मोठा, पण दार धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याने दिलं आणि कितीतरी खांबांवर वेगवेगळ्या दात्यांची नावं कोरली आहेत. त्यांत यवनही आहेत. थोडक्यात, वर्गणीतून उभं राहिलेलं काम.

ही रीत तळेगावात पुन्हा भेटते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड जमवला आणि त्यातून 1908 साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. त्याच गावात 1977 मध्ये डॉ. शं. वा. परांजपे यांनी ‘कलापिनी’ ही संस्था सुरू केली. गावातला डॉक्टर नाटकाच्या नादी लागणं महाराष्ट्राला नवीन नाही, पण हा नाद टिकला. हौशी मंडळींच्या नाटकांबरोबर मुलांसाठी बालभवन आलं, आणि आज संस्थेच्या नाट्यसंकुलाला संस्थापकांचंच नाव आहे.

मुलांना कला शिकवणं म्हणजे नेमकं काय, ते मावळाच्या पावसात कळतं. आषाढात जलरंगाचा कागद वाळता वाळत नाही. पहिला हात ओला असतानाच मूल दुसरा देतं आणि डोंगर आभाळात उतरतो. शिकवणारा घाईचा असेल तर नवा कागद देईल. खरा मास्तर असेल तर तोच कागद पुढे सरकवेल, कारण जुलैतला लोहगड असाच दिसतो. शाळेत मात्र चित्रकलेचा तास एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षा आणि दहावीच्या वाढीव गुणांभोवती घुटमळतो. म्हणून शाळेबाहेरची अशी जागा लागते, जिथे चुकलेल्या चित्राचे गुण कापले जात नाहीत.

पण कलापिनीची ही जागा रेल्वेच्या कडेला आहे. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा इथल्या मुलांना लोकल आहे. आंदर मावळातल्या किंवा पवन मावळातल्या आतल्या वाडीवरच्या मुलीने संध्याकाळच्या तालमीला यायचं तर परतीच्या एसटीचं काय? संस्था वाढली की सभागृह मोठं होतं, खुर्च्या वाढतात. वाडीपर्यंत जाणारी गाडी आणि तिच्यातून जाणाऱ्या शिक्षकाचं मानधन यांना दाता मिळणं अवघड, कारण त्यावर नावाची पाटी लावता येत नाही.

गंमत म्हणजे, कार्ल्याने हा प्रश्नही सोडवला होता. तेव्हा त्या जागेला वलुरक म्हणत. खांब देणारे आले, दार देणारा आला. पण पावसाळ्यात तिथे मुक्कामाला राहणाऱ्या भिक्षूंनी खायचं काय? त्यासाठी तेव्हाच्या क्षत्रप सत्तेतल्या उषवदाताने करजिक नावाचं अख्खं गाव लावून दिलं, आणि पुढे सत्ता सातवाहनांकडे गेल्यावर गौतमीपुत्राच्या काळातही ते दान चालू ठेवल्याचा लेख कोरला गेला. राज्य बदललं तरी रोजच्या खर्चाची तजवीज तुटली नाही. आज गावं लावून द्यायला कोणी राजा नाही. पण तालुक्यात तळेगावची औद्योगिक वसाहत आहे, लोणावळ्यात हॉटेलांच्या रांगा आहेत. एका शिक्षकाचं वर्षभराचं मानधन यांपैकी कोणालाही जड जाऊ नये. नाव हवंच असेल, तर गाडीवर रंगवून द्यायला मुलं आहेतच.