‘मी या घरात राहणार आहे’

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. अमेरिकेत, ओहायो राज्यात, क्लीव्हलँडजवळ राहतो तो. बारा वर्षं झाली. आवाजात खुशी होती.

“मामू, एक घर मिळतंय. सगळे पैसे रोख देणार. कर्ज नाही, व्याज नाही, एकदम हलाल. दुआ करा.”

दुआ केली. मग तो सहज बोलून गेला, “फक्त एका कागदावर सही करायचीय, की मी स्वतः त्या घरात राहणार आहे. राहणार नाहीच, भाड्याने देणार. पण तिथे कोण बघायला येतंय?”

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. शेवटची वर्षं वसुली विभागात काढली. ‘कोण बघायला येतंय’ हे वाक्य मी कर्जदारांकडून ऐकलंय, दलालांकडून ऐकलंय, साहेबांकडूनही ऐकलंय. घरातल्या माणसाकडून पहिल्यांदाच ऐकत होतो. म्हटलं, “बाबा, कागद पाठव आधी.”

कागद वाचला तेव्हा प्रकरण समजलं. अमेरिकेत एफएचए नावाची सरकारी यंत्रणा गृहकर्जाचा विमा उतरवते. कर्जदाराचे हप्ते थकले की बँक घर जप्त करते, विम्याचे पैसे सरकारकडून घेते आणि घर सरकारच्या गृहनिर्माण खात्याकडे जातं. या खात्याला तिथे ‘हड’ म्हणतात. हड ते घर विकायला काढतं, पण सगळ्यांना एकदम नाही. सुरुवातीचे ठरावीक दिवस फक्त स्वतः राहणाऱ्यांसाठी, सेवाभावी संस्थांसाठी आणि सरकारी संस्थांसाठी राखून ठेवलेले असतात. त्या दिवसांत कुणी घेतलं नाही, तरच गुंतवणूकदाराची पाळी.

राहणारा म्हणून बोली लावायची तर लिहून द्यावं लागतं की, मी किमान १२ महिने इथे राहीन आणि गेल्या २४ महिन्यांत असं दुसरं घर घेतलेलं नाही. सोबत दलालाचीही सही लागते. खोटं लिहून दिलं तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्या कागदावरच छापलेलं आहे. फॅनी मे ही गृहकर्जं विकत घेणारी मोठी संस्थाही आपल्या ताब्यात आलेली घरं याच रीतीने विकते. राहणाऱ्यांसाठी राखलेली तिची मुदत २०२१ साली २० दिवसांवरून ३० दिवसांवर गेली.

भाच्याला दंडाची भीती घालणं सोपं होतं. पण मला एक जुनी गोष्ट आठवली.

आपल्याकडे २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला घर ताब्यात घेऊन लिलाव करता येतो. आधी ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. ताब्याची नोटीस दारावर चिकटवायला मी स्वतः गेलेलो आहे. आतून लहान मुलाचा आवाज येत असतो आणि आपण बाहेर डिंक लावत असतो. ते काम मी केलं, त्याचा पगार घेतला. अल्लाह माफ करो.

एकदा अशाच एका फ्लॅटच्या लिलावाला त्याच इमारतीत भाड्याने राहणारे एक शिक्षक आले होते. दहा टक्के अनामत भरली होती. बायकोचे दागिने मोडले असावेत, कारण सोबत आलेल्या बाईंचे हात मोकळे होते. समोर तीन नेहमीचे चेहरे. दर लिलावाला येणारे, एकमेकांना चहा पाजणारे. बोली जिंकली तर पंचवीस टक्के लगेच आणि उरलेले पंधरा दिवसांत भरायचे असतात. शिक्षकांना तेवढ्यात कर्ज कोण देणार? चौथ्या बोलीला ते थांबले. अनामत परत घेताना म्हणाले, “साहेब, आम्हाला फक्त राहायचं होतं.”

तो फ्लॅट पुढे दोन वर्षं कुलूपबंद होता. भाव वाढायची वाट बघत. आमच्या नियमांत ‘राहायचं आहे’ या गोष्टीला रकानाच नव्हता. भाच्याच्या कागदावर तो रकाना होता, आणि त्यातच तो खोटं लिहायला निघाला होता.

मग मी त्याला शुफ्‌अची आठवण करून दिली. आपल्या फिक्हमध्ये हा हक्क आहे. सामायिक जमिनीतला एक हिस्सेदार आपला हिस्सा तिऱ्हाइताला विकत असेल, तर दुसरा हिस्सेदार तेवढ्याच किमतीत तो स्वतः मागू शकतो. हनफी मजहबमध्ये लागून असलेल्या शेजाऱ्यालाही हा हक्क मिळतो. आम्ही कोकणी शाफई, आमच्यात तो हिस्सेदारापुरताच. भाडेकरूला शुफ्‌अ कुणीच दिलेला नाही, हेही खरं. पण त्यामागचा विचार साधा आहे: ज्याचं जगणं त्या जागेशी जोडलेलं आहे, त्याला आधी विचारा.

कॅलिफोर्नियाने २०२० साली एक कायदा केला, एसबी १०७९. जप्त झालेल्या घरात भाडेकरू राहत असेल, तर लिलावातल्या सर्वात मोठ्या बोलीइतकी रक्कम भरून ते घर घ्यायला त्याला ४५ दिवसांपर्यंत वेळ मिळतो. अनेक घरं एकत्र बांधून एकाच बड्या गिऱ्हाइकाला विकायलाही त्या कायद्याने मनाई आहे. २००८ च्या मंदीनंतर कंपन्यांनी जप्त घरं घाऊक भावात उचलली, त्यातून घेतलेला हा धडा. वाचताना मला वाटलं, ही तर शुफ्‌अचीच चुलत बहीण.

भाचा म्हणाला, “मामू, मी काही कंपनी नाही. एकच घर घेतोय. भाडं आलं की अम्मीच्या डायलिसिसचा खर्च निघेल.”

यावर मी गप्प झालो. त्याची अम्मी म्हणजे माझी सख्खी बहीण. आठवड्यातून दोनदा मीच तिला दवाखान्यात नेतो. बिलं मला पाठ आहेत.

शेवटी एवढंच म्हणालो, “घर घेणं गुनाह नाही. भाड्याने देणंही नाही. सरकार तुला नको म्हणत नाही, थांब म्हणतंय. खरंच वर्षभर राहा, मग भाड्याने दे. नाहीतर मुदत संपू दे आणि गुंतवणूकदार म्हणून बोली लाव. पण त्या रांगेत तुझ्या पुढे कुणीतरी शिक्षक उभा असेल. त्याला ढकलून घेतलेलं घर व्याज नाही म्हणून हलाल होत नाही. खोटी साक्ष हा मोठ्या गुनाहांपैकी एक आहे, आणि सही ही साक्षच.”

त्याने फोन ठेवला. आठ दिवस बोलला नाही.

नवव्या दिवशी मेसेज आला: सही केली नाही. घर मुदतीतच गेलं. एका नर्सने घेतलं, म्हणे.

बहिणीला अजून काही सांगितलेलं नाही. काल दवाखान्यातून येताना तिने विचारलं, “पोराच्या घराचं काय झालं रे?” मी म्हणालो, “दुसरं बघतोय.” ती म्हणाली, “इन्शाअल्लाह.” पुढच्या बिलाची तारीख शुक्रवारची आहे.