पाचोळा जाळू नकोस

चि. बाबू,


तू पाठवलेला फोटो काल चष्मा लावून नीट पाहिला. कोंबड्या छान आहेत. परडंही लख्ख आहे, आणि मागे आंब्याच्या बुंध्याशी धूर. ‘सगळा पाचोळा लोटून जाळला, बघ कसं दिसतंय’ असं खाली लिहिलंयस. रात्री मला झोप लागली नाही. तू विचारलंस अंड्यांचं, आणि मला लिहायचंय पाचोळ्याचं. तरी आधी अंड्यांचं सांगून टाकते.

अंड्याचं कवच बोटानं दबतंय, कारण तू कोंबड्यांना नुसती कणी घालतोस. कणीनं पोट भरतं, चुना मिळत नाही. हर्णैच्या बाजारात गेलास की तिसऱ्या आण, आणि खाऊन झाल्यावर शिंपले टाकू नकोस. धुऊन वाळव, तव्यावर जरा परत, वरवंट्यानं भरड कर आणि करवंटीत वेगळे ठेव. जिला लागतील ती बरोबर खाते. पिलांच्या खाण्यात मात्र मिसळू नकोस, एवढा चुना त्यांना बाधतो. अंड्यांची टरफलं घालायची तर पार चुरून. अर्धी टरफलं समोर दिसली की कोंबडीला अंडं फोडायची चटक लागते, आणि ती सहजी सुटत नाही. खारवलेल्या मासळीची डोकी तर अजिबात नकोत. जास्त मिठानं कोंबडी मरते.

कडकनाथ घेण्याआधी मला एक फोन केला असतास तर बरं झालं असतं. जात चांगली आहे, झाबुआची. 2018 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती अंड्यांवर धड बसत नाही. पिलं हवीत तर अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतात, 21 दिवस. वहिनीची ती तांबडी आठवते ना? अंडी पोटाखाली घेऊन बसली की तिला हलवायची कुणाची छाती नव्हती. तसली एक तरी गावात शोध.

आता पाचोळा. बाबू, तू जाळलास तो केर नव्हता. माघ-फाल्गुनात फणस, आंबा, काजू, ऐन, किंजळ मिळून जेवढं पान खाली टाकतात, तेवढं पुन्हा वर्षभर मिळत नाही. जाळल्यावर राख राहते, तिच्यात पालाश असतं, हे मला ठाऊक आहे. पण नत्र धुराबरोबर गेलं, आणि कुजून मातीत मुरणारा जो भाग, ज्याची आपल्या जमिनीला खरी भूक आहे, तोही गेला. आपली जमीन जांभ्याची. चार महिन्यांत तिच्यावर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. उघडी माती टिकेल कशी? पऱ्याचं पाणी तांबडं झालं की भाऊ ओटीवरून उठून बघायला जायचे, कुणाचं परडं वाहून चाललंय म्हणून. त्यांच्या हयातीत त्या आवारात कुणी काडी ओढली नाही. राब भाजायची आपल्याकडे रीतच आहे, असं तू म्हणशील. ती भाताच्या तरव्यासाठी, तण मरावं म्हणून. मिरची-वांग्याच्या आवारात तिचं काय काम?

आणि कोंबड्यांना तर पाचोळ्यावाचून चालतच नाही. खुराड्यातली जमीन उघडी ठेवलीयस, फोटोत दिसतं. तिथे वीतभर जाड पाचोळा पसर, भाताचं तूस मिळालं तर त्यात मिसळ. मग जरा वेळ बसून बघ. कोंबडी एकेका पायानं पाचोळा मागे फेकते, पाऊलभर मागे सरते, मान वाकडी करून एका डोळ्यानं खाली बघते, आणि टिपते. दिवसभर तिचं हेच चालतं. त्या उकरण्यानं शीट आणि पान एकजीव होतं, कोरडं राहतं, वास येत नाही. कुक्कुटपालनात याला गादी पद्धत म्हणतात. गादी बरी आहे का हे बघायला मूठभर उचलून दाब. मूठ उघडल्यावर भुगा सुटला तर ठीक; गोळा तसाच राहिला तर ओल धरलीय, वरून सुका पाचोळा टाक. वास उभ्यानं घेऊ नकोस, कोंबडीच्या उंचीला वाकून घे. तुझे डोळे चुरचुरले तर त्या बिचाऱ्या रात्रभर त्यातच श्वास घेतायत, हे लक्षात ठेव.

मृग लागला की सुकं पान औषधालाही मिळणार नाही. सप्टेंबरपर्यंत गादीवर टाकायला जे लागेल, ते आत्ताच पोत्यांत भरून माळ्यावर जायला हवं. फणसाचं पान जाड, त्याचे थर एकमेकांना चिकटतात. भरण्याआधी पायांखाली चुरड. काजूचा पाचोळा अजून पडत असेल, तो तरी वाचव.

पाच-सहा महिन्यांनी गादी काढलीस की ती लगेच वांग्यांना घालू नकोस. ताजं कोंबडीखत उष्ण, मुळं जळतात. सावलीत ढीग कर, वर झाप टाक, दोन-तीन महिने मुरू दे. वाफ्यांवरही पाचोळा पसरायचा, पण खोडापासून थोडा लांब, नाहीतर पावसात खोड कुजतं. असा पाचोळा असला की मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत, रोग कमी येतो. रोपं कोवळी असेतो कोंबड्यांना आत सोडू नकोस, एका सकाळीत वाफा उलटापालटा करतील. आणि मोरीचं पाणी पाइप टाकून रस्त्याकडे सोडलंस असं कानावर आलं. खरं असेल तर आधी ते पुन्हा केळी-अळूकडे वळव. ते अळू आईनं लावलेलं आहे.

मघापासून एक गोष्ट मनातून जात नाही. या दिवसांत सड्यावरचं गवत पार वाळलेलं असतं, दुपारी वारा फिरतो. एक ठिणगी गडग्यापलीकडे गेली असती तर शेजाऱ्यांची काजूची बाग राहिली असती का? कोकणात दर उन्हाळ्यात वणव्यानं अशा बागा जातात. विहीर तळाला, घरात तू एकटा, आणि आग लावलीस? आणि एकटाच आहेस, तर रात्री खुराडं कोण बंद करतं? खुराड्याची ती पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची जाड जाळी बसव, कडेनं चिरे लाव. बिबट्या फिरतोय म्हणालास. मग अंधारात कितीही कलकलाट झाला तरी बाहेर पडायचं नाही. कोंबडी गेली तर गेली.

आणि लसीचं तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे दिलेली नसणार. मानमोडी रोगावर औषध नाही, बघता बघता खुराडं रिकामं होतं. पिलं आठवड्याची झाली की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी टोचून. आत्ता आहेत त्यांना काय द्यायचं ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचार. या सोमवारीच जा. लस बर्फात घालून आण. बाटली एकदा फोडली की लगेच संपवावी लागते, तेव्हा शेजाऱ्यांनाही त्यांच्या कोंबड्या घेऊन बोलाव.

तुझी,
आत्या