अंड्याची साक्ष

आमच्या घरीं अंड्याचा प्रवेश झाला तो औषधाच्या वाटेनें. नातू विषमज्वरांतून उठला आणि डॉक्टरांनीं त्याला रोज एक अंडें द्यावयास सांगितलें, तेव्हां तीन पिढ्या जें उंबऱ्याबाहेर राहिलें होतें तें एका वेगळ्या पातेल्यासह आंत आलें. पातेलें पुढें वेगळें राहिलें नाहीं, ही गोष्ट निराळी.

अंडीं आणून देई ती पुरंदर तालुक्यांतील एक म्हातारी. आठवड्यांतून दोनदां ती दाराशीं टोपली उतरी आणि बाजारभावाच्या दुप्पट पैसे घेई. कारण अंडीं गावरान. आमच्या कुटुंबाची परीक्षा बलकाच्या रंगावर चाले. बलक केशरी निघाला कीं अंडें खरें, आणि म्हातारीही खरी.

एके दिवशीं एक पाहुणे चहा घेतां घेतां म्हणाले, "अहो, ह्या बाया अंडीं घाऊक बाजारांतच घेतात आणि वरून थोडी माती चोळतात!" आम्ही हंसलों. परंतु म्हातारी पुन्हां आली तेव्हां तोंडून शब्द गेलाच, "मावशी, हीं गावरानच ना?" तिनें आमच्याकडे पाहिलें. "आत्तापातुर खाल्ली तवा न्हाई इचारलं, सायेब," एवढेंच बोलून तिनें टोपली उचलली. त्यानंतर तीन आठवडे ती फिरकली नाहीं. नातू रोज विचारी, आणि उत्तर द्यावयास कोणी पुढें होत नसे.

आमचा एक भाचा रसायनशाळेंत काम करितो. त्याच्यापाशीं आम्हीं हें मन मोकळें केलें. तो म्हणाला, "मामा, बलकाचा रंग ही कांहीं साक्ष नव्हे. खाद्यांत झेंडूचा अर्क किंवा कारखान्यांतला रंग मिसळला, तर पिंजऱ्यांतल्या कोंबडीचाही बलक केशरी होतो. कोंबडीनें काय खाल्लें हें तिच्या अंड्यांतील अणूंना विचारावें." ही विचारपूस कशी होते तें आम्हीं त्याच्याकडून समजून घेतलें, आणि वाचकांस कंटाळा न येईल इतपत येथें सांगतों.

निसर्गांतील कार्बनाच्या दर १०० अणूंत सुमारें एक अणु इतरांहून किंचित् जड असतो. वनस्पती हवेंतून कार्बन घेतांना ह्या जड अणूला थोडें नाक मुरडतात. भात, गहूं, सोयाबीन हीं पिकें अधिक मुरडतात. मका, ज्वारी, बाजरी आणि ऊंस हीं तितकीं चोखंदळ नाहींत, कारण त्यांची अन्न बनविण्याची रीतच वेगळी आहे. हॅच व स्लॅक ह्या शास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं ऑस्ट्रेलियांत उंसाच्या पानांवर काम करून ती उलगडून दाखविली. एका ठराविक प्रमाणाशीं ताडून पाहिलें तर गव्हांत जड कार्बनाचें मान हजारीं सुमारें २७ नें कमी भरतें, मक्यांत सुमारें १२ नें. तें प्रमाण म्हणजे मुळांत अमेरिकेंतील दक्षिण कॅरोलिना प्रांतीं सांपडलेला एका प्राचीन सागरी प्राण्याचा शिळारूप अवशेष! आमच्या भाकरीचें माप इतक्या लांब ठेविलेलें असावें ह्याची आम्हांस मोठी गंमत वाटली. अणु वजनावरून निवडणारें जें मास स्पेक्ट्रोमीटर नांवाचें यंत्र आहे, तें हा फरक मोजतें. आणि प्राण्याच्या अंगांतील कार्बन त्याच्या आहाराच्या मागोमाग जातो, हें डीनीरो व एप्स्टाइन ह्यांनीं १९७८ सालीं प्रयोगांनीं सिद्ध केलें.

ह्या युक्तीचा उपयोग कोठवर जातो पाहा. होप जारन ह्या विदुषीनें एका सहकारिणीसह अमेरिकेंतील सहा शहरांतून झटपट खाण्याच्या दुकानांतले ४८० हून अधिक पदार्थ विकत घेऊन तपासले, आणि २००८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. गोमांस व कोंबडी मिळून जेवढे नमुने होते, त्यांपैकीं अवघ्या १२ बाबतींत मक्यावांचून दुसरें खाद्य संभवत होतें. तेही सारे गोमांसाचे. कोंबडी म्हणून जी जी खाल्ली जात होती, ती मक्यावर वाढलेली.

हें ऐकून आम्हांस आशा वाटूं लागली, आणि भाच्यानें ती तेथल्या तेथें मोडली. अमेरिकेंत मक्यासमोर गहूं असतो. पुरंदरांत मक्यासमोर ज्वारी-बाजरी. हीं सारीं एकाच गोत्राचीं. पिंजऱ्यांतील कोंबडीचा मका आणि अंगणांतील कोंबडीची ज्वारी ह्यांत कार्बनाला भेद दिसत नाहीं.

उरला नायट्रोजन. एका प्राण्यानें दुसऱ्यास खाल्लें कीं खाणाऱ्याच्या अंगीं जड नायट्रोजन हजारीं सुमारें तीननें वाढतो. म्हणून किडे-गांडुळें टिपणाऱ्या कोंबडीच्या अंड्यांत तो अधिक भरावा. न्यूझीलंडांतील कॅरिन रॉजर्स ह्यांनीं २००९ सालीं १८ छापांचीं अंडीं पारखलीं, तेव्हां मोकळ्या व सेंद्रिय कोंबड्यांच्या अंड्यांत हें मान हजारीं चारपर्यंत अधिक आढळलें. मात्र मोकळ्या म्हणून विकल्या जाणाऱ्यांपैकीं एक व सेंद्रियांपैकीं दोन नमुने पिंजऱ्यांतल्यांच्याच पंक्तीला बसले. रॉजर्सबाईंनीं त्यावर दोन शक्यता नमूद केल्या: एक तर छाप खोटा असेल, किंवा कोंबडी खरोखरच बाहेर हिंडली असेल, परंतु तिला टिपावयास पुरेसें कांहीं मिळालें नसेल. ही दुसरी शक्यता आमच्या मनांत घर करून राहिली. यंत्र जवळ असून त्या बाईंनीं जेवढी सवड अनोळखी कोंबड्यांना दिली, तेवढी आम्हीं ओळखीच्या म्हातारीला दिली नव्हती.

"शिवाय खाद्यांत सुकट घातली तरी नायट्रोजन चढतोच," भाचा म्हणाला. "ब्राझीलांत बोटुकाटू येथील विद्यापीठांत गुरांच्या मांस-हाडांची पूड कोंबड्यांस चारून ती त्यांच्या छातीच्या मांसांत ओळखून काढली आहे, पण तेथें कोणास काय चारलें हें आधीं ठाऊक होतें. तुमच्या म्हातारीच्या कोंबड्या काय खातात तें पाहिल्यावांचून मी काय तपासूं?"

म्हणून एका रविवारीं आम्ही दोघे तिचें गांव विचारीत गेलों. कोंबड्या उकिरड्यावर होत्या, अगदीं मन लावून उकरीत. आम्ही मनांत ओशाळलों. इतक्यांत भाच्यानें पडवीकडे खूण केली. तेथें भिंतीशीं दुकानच्या कोंबडीखाद्याची अर्धी पिशवी टेकून उभी होती.

म्हातारीच्या तें लक्षांत आलें. तिनें पिशवी लपविली नाहीं. "उन्हाळ्यात रानात दाणा न्हाई का किडा न्हाई. मग ह्ये घालावं लागतं. न्हाई तर अंडी कुठनं द्यायची?" मग आमच्याकडे वळून तिनें विचारलें, "प्वार बरं हाय न्हवं?"

नातवाचें कुशल सांगून आम्हीं डझनभर अंडीं घेतलीं. भाव तोच होता, आणि आम्ही घासाघीस केली नाहीं. भाच्यानें तपासणीसाठीं म्हणून एक अंडें निराळें उचललें, तेव्हां तिनें हात पुढें केला. "तपासाया नेता, तरी पैसं पडतील."

त्यानें पैसे दिले. तें अंडें मात्र यंत्रापर्यंत पोंचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच्या बायकोनें त्याचें आम्लेट केलें.