कुठे कंटाळलात?

अलीकडे वाचलेल्या पुस्तकांबद्दल बरंच बोलायचं आहे. पण ज्यांच्यामुळे मला स्वतःचं असं मत फुटलं, त्या काकांचं देणं आधी नोंदवायला हवं.

काका आमच्या तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसत. पगार तुटपुंजा, तोही अनुदान आलं की. महाराष्ट्रात 1967 साली ग्रंथालय कायदा झाला, त्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना सरकारी आधार मिळाला हे खरं. पण अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसणं काही सुटलं नाही. काकांना त्याबद्दल कुरकुरताना मी ऐकलं नाही. दुपारी वर्दळ थांबली की ते फाटकी पुस्तकं पुढ्यात घेत. मैद्याची खळ, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. सुटलेला फर्मा दोऱ्याने शिवायचा, पाठीला कापडाची पट्टी लावायची आणि वर जाडजूड शब्दकोश ठेवून रात्रभर दाबून ठेवायचं. बोटांना चिकटलेली खळ खरवडत ते कार्ड शोधत आणि पुस्तक नावावर टाकत.

मी शाळेत मराठी शिकवते. पुस्तकाबद्दल चार बरी वाक्यं बोलणं हा माझ्या पोटापाण्याचाच भाग. रसग्रहणाच्या उत्तरात लागतात ती सगळी विशेषणं जिभेवर तयार. पुस्तक बदलायला गेले की ‘छान आहे हो, हृदयस्पर्शी’ म्हणून मी मोकळी व्हायची. एकदा तारखेचा शिक्का मारता मारता काकांनी विचारलं, “ते असू द्या. बाई, कुठे कंटाळलात?”

हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. परीक्षेत ‘तुम्हाला काय आवडले’ असं विचारतात आणि त्याचं उत्तर पुस्तक न उघडताही लिहिता येतं. कंटाळ्याचं तसं नाही. तो कुठल्या पानावर आला, ते सांगायला ते पान वाचलेलं असावं लागतं. शिवाय तो लेखकाचा होता की आपला, हे तपासावं लागतं. काका स्वतःचं मत मात्र कधी द्यायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, “माझं घेऊन काय करणार? तुमचं तुम्ही काढा.”

तेव्हापासून मी याच प्रश्नावर वाचते आहे.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ परवा पुन्हा काढला. घरावरचं कर्ज फिटावं म्हणून वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि सत्तावनच्या धुमाळीत सापडला. पुस्तक छापून आलं ते 1907 साली, त्याच्या पश्चात. कंटाळले का? हो. यज्ञयाग आणि दक्षिणा-भोजनांच्या तपशिलात. पण झाशीच्या वेढ्यापर्यंत आले आणि त्या कंटाळ्याची किंमत कळली. कुठे काय पदरात पडलं हे इतकं सरळ सांगणारा माणूस कत्तलीचं वर्णन फुगवून सांगेल असं वाटतच नाही. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली, त्याचीही त्याला हळहळ आहे. तो भाग वाचताना मला काकांची खळ आठवली.

रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ ही 2019 ची कादंबरी. एका कुळाच्या निमित्ताने सातशे वर्षांचा पट, आणि जाडीही त्याला साजेशी. इथे मी अधूनमधून थकले. इतिहासाची माहिती माणसाच्या पुढे पुढे चालायला लागली की पान हलत नाही. पण बायका बोलायला लागल्या, शेतीभातीचं, भाऊबंदकीचं निघालं, की तीच कादंबरी रात्री उशिरापर्यंत जागवते. माझं मत असं, की तिचा पसारा थोडा आवरला असता तर बिघडलं नसतं. पण आपलं मूळ शुद्ध आणि एकजात आहे या समजाला एवढा मोठा सुरुंग लावायचा, तर लेखकाला ऐसपैस जागाही लागणारच.

नंदा खरे यांची ‘उद्या’ (2014) मात्र जिथे कंटाळा आला तिथेही सोडवेना. माणसांवरची पाळत, पैशावाल्यांची मक्तेदारी, घटलेल्या बायका असा अगदी उंबऱ्याशी आलेला भविष्यकाळ त्यात आहे. पात्रं मधूनच लेखकाच्या वतीने समजावून सांगायला लागतात, तिथे मी अडखळले. या पुस्तकाला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तो खऱ्यांनी नाकारला. समाजाने आपल्याला भरपूर दिलं आहे, आता आणखी घेऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. देण्याघेण्याचा हिशेब इतका चोख ठेवणारा लेखक वाचकाला सोपं करून देणार नाही, हे ओघानेच आलं.

काका निवृत्त होऊन आता मुलाकडे असतात. दृष्टी अधू झाली आहे, छापील अक्षर लागत नाही. रविवारी मी फोन करते आणि काय वाचलं ते सांगते. गेल्या खेपेला माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ निघाली. 1955 चं पुस्तक, आकाराने लहान, कितव्यांदा वाचलं ते मोजलेलं नाही. मी म्हटलं, “काका, या वेळी मी तालमीच्या भागात कंटाळले. सगळं गाव एका कामाला लागतं, पंतप्रतिनिधी येतात, हे जरा ठरवून गोड केल्यासारखं वाटलं. दुष्काळ पडून धनगर वाडी सोडायला लागतात, तिथे पुस्तक खरी पकड घेतं.”

मला वाटलं, इतक्या वर्षांत काकांना देण्याजोगं एक मत माझ्याजवळ जमलं. थोडा वेळ पलीकडून काहीच आलं नाही.

मग ते म्हणाले, “तुमचं तुमच्यापाशी ठेवा. तो तालमीचा भाग तेवढा वाचून दाखवा. कंटाळायचं की नाही, ते माझं मी बघतो.”