उंचावर गेल्यावर डॉक्टरांशी खोटं बोलू नका

मार्च आणि सप्टेंबर महिना आला की सर्दी-तापाच्या नेहमीच्या पेशंटांमध्ये दोन-तीन जण तरी वेगळंच काम घेऊन येतात. "डॉक्टर, एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला चाललोय. कुठल्या गोळ्या न्यायच्या तेवढं लिहून द्या." मी लिहून देतो. पण चिठ्ठी हातात देण्याआधी त्यांना बसवून एक अनुभव सांगतो. तोच आज तुम्हालाही सांगणार आहे. त्यात एका पेशंटची चूक आहे आणि त्याहून मोठी माझी आहे.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये पंधरा जणांच्या एका ग्रुपबरोबर मी डॉक्टर म्हणून बेस कॅम्पच्या ट्रेकला गेलो होतो. बहुतेक सगळे पुण्या-मुंबईचे. सिंहगड दर रविवारी चढणारे, कळसूबाई दोन-तीनदा केलेले. तयारी चांगली होती. पण इथेच पहिला गैरसमज असतो, म्हणून आधी थोडं समजून घेऊ.

वर नेमकं काय होतं?

आपण म्हणतो, "उंचावर ऑक्सिजन कमी असतो." खरं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे सारखंच, सुमारे २१ टक्के असतं. कमी होतो तो हवेचा दाब. साधारण ५५०० मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. म्हणजे तुम्ही तेवढाच मोठा श्वास घेतलात तरी आत जाणारा ऑक्सिजन निम्माच. बेस कॅम्प ५३६४ मीटरवर आहे. कळसूबाई, आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. सह्याद्रीत चढून पाय आणि छाती तयार होते, पण विरळ हवेची सवय होत नाही. ती सवय शरीर वरच शिकतं आणि त्यासाठी त्याला वेळ लागतो.

म्हणून नियम असा आहे की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम करायचा. वेळ कमी दिला तर डोकं दुखतं, मळमळतं, भूक जाते, गळून गेल्यासारखं होतं. हा उंचीचा साधा त्रास. तो अंगावर काढून वर चढत राहिलं तर काही जणांच्या मेंदूला सूज येते किंवा फुप्फुसात पाणी भरतं. या दोन्हींत वेळेवर खाली आणलं नाही तर माणूस दगावू शकतो. कोणाला त्रास होईल हे फिटनेसवरून सांगता येत नाही. पंचविशीतला मॅरेथॉन धावणारा आजारी पडतो आणि साठीच्या मावशी आरामात वर पोचतात, हे मी पाहिलं आहे.

ट्रेकवरच्या डॉक्टरचं रोजचं काम

लोकांना वाटतं, हिमालयात डॉक्टर म्हणजे रोज कुणाचा तरी जीव वाचवत असेल. प्रत्यक्षात माझे पहिले सहा दिवस पायांचे फोड, जुलाब, ओआरएस आणि कोरडा खोकला यांतच गेले. तिथली हवा इतकी थंड आणि कोरडी की खोकला जवळपास सगळ्यांनाच होतो. माझ्या सॅकच्या तळाशी मात्र डेक्सामेथासोनची इंजेक्शनं, निफेडिपिनच्या गोळ्या आणि पोर्टरच्या डोक्यात, म्हणजे त्याच्या पाठीवरच्या बांबूच्या टोपलीत, ऑक्सिजनचा एक सिलिंडर होता.

रोज संध्याकाळी लॉजच्या हॉलमध्ये शेगडीभोवती सगळे बसले की मी वही काढायचो आणि प्रत्येकाला चार प्रश्न विचारायचो. डोकं दुखतंय का? मळमळ आहे का, जेवण जातंय का? थकवा किती? चक्कर येतेय का? मग बोटाला ऑक्सिमीटर. घरी ९० च्या खाली आकडा दिसला तर आपण घाबरतो, पण ४४०० मीटरवर धडधाकट माणसाचाही आकडा ८० ते ९० च्या मध्ये असू शकतो. थंड बोटांवर तो चुकतोही. म्हणून आकड्यापेक्षा माणूस काय सांगतो, यावर माझी भिस्त होती.

आणि माणूस खरं सांगेल, हे मी गृहीत धरलं होतं.

दिंगबोचे, ४४१० मीटर

ग्रुपमध्ये सत्तावन्न वर्षांचे एक काका होते. बँकेत अधिकारी, निवृत्तीला तीन वर्षं बाकी. चार वर्षांपासून पैसे बाजूला टाकून, रजा साठवून आलेले. सगळ्यांशी हसून-खेळून. दिंगबोचेला आम्ही विश्रांतीचा दिवस घेतला. बाकीचे जवळच्या टेकडीवर चढून आले. काका म्हणाले, "मी थांबतो, कपडे धुवायचेत." संध्याकाळी त्यांच्या ताटात डाळ-भात तसाच राहिला. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही हो डॉक्टर, रोज तेच खाऊन कंटाळा आलाय." सगळे हसले. मीही हसलो. चारही प्रश्नांना त्यांचं उत्तर "नाही" होतं. मी वहीत शून्य लिहिलं.

मला काय दिसलं होतं? दोन दिवस ते सगळ्यांत शेवटी पोचत होते. टेकडीवर आले नाहीत. जेवले नाहीत. दवाखान्यात एवढं दिसलं असतं तर मी उत्तर ऐकूनही थांबलो नसतो, पुन्हा विचारलं असतं. तिथे विचारलं नाही. खरं सांगायचं तर मलाही दोन दिवसांत बेस कॅम्प गाठायचा होता. एकाला थांबवलं की सगळं वेळापत्रक कोलमडतं, हे माझ्याही डोक्यात होतं.

नंतर कळलं की तीन दिवसांपासून ते स्वतःजवळच्या वेदनाशामक गोळ्या दिवसातून तीनदा घेत होते. डोकेदुखी दबली, आजार वाढत राहिला.

लोबुचेची रात्र

दुसऱ्या दिवशी आम्ही लोबुचेला, ४९४० मीटरवर पोचलो. काका आल्या आल्या झोपले. थकले असतील, म्हणून मी त्यांना उठवलं नाही. ही दुसरी चूक. रात्री साडेनऊला त्यांच्या खोलीतल्या जोडीदाराने माझं दार वाजवलं. "डॉक्टर, काकांना उलट्या होतायत. आणि ते सारखं घराची किल्ली कुठे ठेवली म्हणून विचारतायत."

मी त्यांना धरून हॉलमध्ये आणलं आणि जमिनीवरच्या फळीच्या रेषेवर चालायला सांगितलं, एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच टेकवत. तिसऱ्या पावलाला ते भिंतीवर गेले. उंचावर माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतो, असंबद्ध बोलतो, तेव्हा तो थकवा समजायचा नाही. ती मेंदूची सूज असते, आणि सकाळची वाट पाहायची नसते.

हेलिकॉप्टर रात्री येत नाही. मांडीत डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन सुरू केला. पण ही औषधं फक्त वेळ मिळवून देतात. खरा उपचार एकच, खाली उतरणं. खाली फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदत केंद्र आहे. ट्रेकिंगच्या हंगामात तिथे डॉक्टर असतात. उंची सुमारे ५७० मीटरने कमी होणार होती.

आता माझ्यापुढे दुसरा प्रश्न होता. काकांबरोबर गेलो तर चौदा जण रात्रभर डॉक्टरशिवाय, ऑक्सिजनशिवाय ४९४० मीटरवर राहणार होते. सिलिंडर एकच होता. आमचे शेर्पा गाइड दाई वीस वर्षं या वाटेवर चालत होते. ते म्हणाले, "तुम्ही जा. इथे कोणी वर जाणार नाही, मी बघतो." मी त्यांच्याजवळ गोळ्या आणि एका कागदावर सूचना लिहून ठेवल्या आणि निघालो.

दोन पोर्टर काकांना आलटून पालटून पाठीवर घेत होते. वीस-बावीस वर्षांची मुलं. मी मागून टॉर्च धरून चालत होतो. थुकला खिंडीत एव्हरेस्ट आणि आसपासच्या शिखरांवर गेलेल्यांची स्मारकं आहेत. दुपारी तिथे सगळ्यांनी फोटो काढले होते. रात्री मी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

फेरिचेला पोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. तिथल्या डॉक्टरांनी दार उघडलं आणि एकही जास्तीचा प्रश्न न विचारता कामाला लागले. पहाटे काकांनी मला ओळखलं. पहिलं वाक्य होतं, "माझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बिघडला का हो?" सकाळी हवा स्वच्छ होती. हेलिकॉप्टरने ते काठमांडूला गेले आणि पूर्ण बरे झाले.

मी दुपारी परत लोबुचेला चढून गेलो. सगळे हॉलमध्ये वाट पाहत होते. मी वही काढायच्या आधीच दोन हात वर आले. एक तरुण आणि एक ताई. दोघांचंही डोकं आदल्या दिवसापासून दुखत होतं. ताई म्हणाल्या, "काल सगळ्यांसमोर कसं सांगायचं, असं वाटलं." चौदापैकी दोघं. मीच सगळ्यांना सगळ्यांसमोर विचारत होतो. तिथे "हो, मला होतंय" म्हणणं म्हणजे ग्रुपचा अडथळा होणं. माझी पद्धतच लोकांना खोटं बोलायला लावत होती.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकेकट्याला विचारतो. त्याच्याजवळच्या गोळ्या मोजतो, ताटाकडे बघतो, पोर्टरांनाही तेच प्रश्न विचारतो. तेही माणसंच आहेत आणि मजुरी जाईल म्हणून तेही त्रास लपवतात. आणि सुरुवात स्वतःपासून करतो, "आज माझं डोकं दुखतंय."

तुम्ही जाणार असाल तर

• उंचावर डोकं दुखलं किंवा बरं वाटेनासं झालं, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरा.
• त्रास असताना वर जाऊ नका. आहात त्याच उंचीवर थांबा.
• त्रास वाढत असेल, तोल जात असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल तर लगेच खाली उतरा, रात्र असली तरी. आजारी माणसाला कधीही एकट्याने उतरू देऊ नका.
• डोकेदुखीची गोळी घेण्यात गैर नाही. ती लपवून घेणं धोक्याचं आहे. घेतली तर सांगा.
• ॲसिटाझोलामाइडमुळे शरीराला उंचीची सवय लवकर होते, पण ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची ॲलर्जी, किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, त्याला घाबरू नका.
• डेक्सामेथासोन घेऊन बरं वाटलं म्हणून पुढे चढू नका. त्रास झाकला जातो, सवय झालेली नसते.
• आयोजकांना विचारा: विश्रांतीचे दिवस किती? ऑक्सिजन आहे का? कुणी आजारी पडलं तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार? उत्तर मिळालं नाही तर दुसरा ग्रुप बघा.
• विमा घ्या, आणि त्यात तुमच्या ट्रेकच्या उंचीवरून हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च धरला आहे का ते वाचून घ्या.

काका दर दिवाळीला फोन करतात. बेस कॅम्प राहिला याची खंत त्यांना आहेच. गेल्या वर्षी म्हणाले, "डॉक्टर, तेव्हा मी खरं सांगितलं असतं तर दिंगबोचेला दोन दिवस थांबून कदाचित पोचलोही असतो." मी म्हटलं, "आणि मी नीट विचारलं असतं तरी."

डोंगर तिथेच असतो. पुढच्या वर्षी पुन्हा जाता येतं. फक्त त्रास झाला तर सांगा.