चौथी चढाई

नोव्हाय, मिशिगन
३० जानेवारी २०२४

ती. स्व. मामांस,


काल फोनवर तुम्ही "तुमचे सिंह हरले म्हणे" एवढंच म्हणालात आणि मला धड उत्तर देता आलं नाही. हरले, खरं आहे. पण कसे हरले ते फोनवर सांगून होण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

इथल्या फुटबॉलला तुम्ही "हेल्मेट घातलेली धरपकड" म्हणता, ते फारसं चूक नाही. तुमच्यापुरता एकच नियम सांगते. चेंडू ज्याच्याकडे, त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न. तीन फुकट गेले की शहाणा प्रशिक्षक चौथा खेळत नाही. लांब असेल तर चेंडू लाथाडून दूर घालवतो, जवळ असेल तर खांबांमधून मारून तीन गुण पदरात पाडून घेतो. चौथा खेळला आणि फसला, तर चेंडू आहे त्या जागी समोरच्याच्या हाती. प्रो कबड्डीत दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी असते ना, तसं समजा. तिथे ती सक्तीची असते, इथे माणूस आपल्या पायांनी जातो. आमचा प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल फार जातो.

आता आमचे शेजारी. पंच्याहत्तरीचे आजोबा, इथून जवळच विक्समच्या कारखान्यात लिंकन गाड्या जोडण्यात आयुष्य गेलं. तो कारखाना २००७ साली बंद पडला. आमच्या लायन्सने, म्हणजे या सिंहांनी, शेवटचं अजिंक्यपद जिंकलं १९५७ साली, क्लीव्हलंडला ५९-१४ धुऊन. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे. त्यानंतर या हंगामापर्यंत बाद फेरीतला एकच विजय, १९९२च्या जानेवारीत. सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, तर कधीच मजल नाही. २००८ साली सोळाच्या सोळा सामने हरले. लोक डोक्यावर कागदी पिशव्या घालून स्टेडियममध्ये बसत. बॅरी सँडर्ससारखा खेळाडू १९९९ साली, विक्रम हाताशी असताना, आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स करून निवृत्त झाला. काही चांगलं घडू लागलं की इथले लोक आधी पुटपुटतात, "सेम ओल्ड लायन्स." आपलं "ये रे माझ्या मागल्या".

कॅम्पबेल २००८च्या त्या संघातच होता, बराच काळ दुखापतीने बाहेर. २०२१ साली प्रशिक्षक होऊन आला तो पहिल्याच पत्रकार परिषदेत, पाडलंत तर उठताना तुमच्या गुडघ्याची वाटी चावून नेऊ, असं काहीसं बोलला. सगळे हसले. मीही. पहिल्या वर्षी तीन विजय. दुसऱ्या वर्षी सुरुवातीला सातपैकी एक. मालकीणबाई शीला फोर्ड हॅम्प, म्हणजे हेन्री फोर्डची पणती, मैदानावर येऊन म्हणाल्या, धीर धरा. (मालकांनी असं म्हटलं की आमच्या ऑफिसात लोक बायोडेटा काढतात.) पण तो हंगाम ९-८वर सावरला.

आणि हा हंगाम! सप्टेंबरमध्ये पहिल्याच रात्री गतविजेत्या कॅन्सस सिटीला त्यांच्याच घरी २१-२० हरवलं. १२ विजय, ५ पराभव. गटाचं विजेतेपद तीस वर्षांनी. मग १४ जानेवारीला घरच्या मैदानावर बाद फेरी, तीही लॉस एंजेलिस रॅम्सशी, आणि त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, कोण, तर मॅथ्यू स्टॅफर्ड. बारा हंगाम इथे झिजला, बाद फेरीत एकही जिंकला नाही; तिकडे जाऊन पहिल्याच वर्षी सुपर बोल. त्याच्या बदल्यात रॅम्सने नकोसा झालेला जॅरेड गॉफ आमच्याकडे पाठवला होता. त्या दिवशी स्टॅफर्ड मैदानात आला तेव्हा लोकांनी हुर्यो केली आणि गॉफच्या नावाचा गजर. आजोबांना ती हुर्यो आवडली नाही. "तो पोरगा आमच्यासाठी निखळलेला खांदा घेऊन खेळलाय," एवढं म्हणून गप्प बसले. २४-२३ जिंकल्यावर मात्र चष्मा काढून पुसत राहिले. पुढच्या आठवड्यात टँपा बेलाही हरवलं.

रविवारी सॅन फ्रान्सिस्कोशी सामना, जिंकलो तर सुपर बोल. आजोबांच्या तळघरात आम्ही सात-आठ जण. मध्यंतराला २४-७ पुढे! आजोबा टीव्हीसमोरच्या खुर्चीतून उठेनात. जागा बदलली तर नशीब बदलतं म्हणे. तिसऱ्या सत्रात २४-१० असताना चौथा प्रयत्न, फक्त दोन यार्ड हवे होते. तीन गुण समोर होते. कॅम्पबेल चढाईला गेला. गॉफचा चेंडू नीट जोश रेनॉल्ड्सच्या हातांवर आला आणि निसटला. पुढे त्यांनी लांब फेकलेला चेंडू आमच्याच किंडल विल्डरच्या हेल्मेटच्या जाळीवर आपटून उडाला आणि पडता पडता त्यांच्या आयुकच्या हातात. ५१ यार्ड. असं तुमच्या पन्नास वर्षांच्या कबड्डीत तुम्ही पाहिलं नसेल. मग आमच्या गिब्जने चेंडू सोडला. एका सत्रात १७ गुण देऊन २४-२४. चौथ्या सत्रात २७-२४ मागे, पुन्हा चौथा प्रयत्न, पुन्हा तीन गुण नाकारून चढाई, पुन्हा रिकामी. ३४-३१.

सगळं शहर कॅम्पबेलला शहाणपण शिकवतंय. मला ते पटत नाही. याच हिमतीवर हा संघ तिथवर गेला. रेनॉल्ड्सने तो चेंडू धरला असता तर हेच लोक त्याचा पुतळा उभारायला निघाले असते. पश्चात्ताप नाही, असं तोही म्हणाला. पण खेळाडूंना त्याने हेही सांगितलं की कदाचित एवढीच संधी होती, ते ऐकून माझ्या पोटात कालवलं.

आजोबांचं मत मात्र तिसरंच. सोमवारी सकाळी कचऱ्याचा डबा ओढत निघाले होते, निळी टोपी तशीच डोक्यावर. रॅम्सच्या वेळी मी चिवडा नेला होता, टँपाच्या वेळीही. रविवारी तो संपलेला, म्हणून बाकरवडी नेली. त्यांनी डबा थांबवला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "ते दुसरं का आणलंस?"

तेव्हा सप्टेंबरच्या आत इकडे येणारं कुणी असेल तर मामींना सांगून चिवडा धाडा. दोन किलो तरी. शेंगदाणे जास्त, तिखट बेताचं. त्यांना झेपत नाही.

तुमची भाची